घरोघरची दिवटी

विलासराव गेल्यापासून वैजयंती सरनोबत यांच्या घरातला टीव्ही लागला नव्हता. राजारामपुरीतल्या शेजारणींना वाटायचं, दुखवटा असेल. मुलगी ऋजुता पुण्याहून आली की बंद पडद्याकडे एकदा बघायची आणि आपलं काम उघडून बसायची. खरं कारण वैजयंतीबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सत्तरीला टेकलेल्या शहाण्या बाईच्या तोंडी ते शोभणार नाही, असं त्यांना वाटायचं.

मार्चमधल्या एका सकाळी ऋजुताचा फोन आला.

"आई, तुझ्या धुनेबद्दल बोलायचंय."

"माझी कुठली आता? तुमची ती."

मग ऋजुता म्हणाली, "भांडायला फोन नाही केला गं. कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात एक आजोबा आहेत. पक्षाघात झालाय. बोलता येत नाही, लिहिता येत नाही. कोण, कुठले, कुणालाच ठाऊक नाही. पण ते गुणगुणतात. तिथल्या एका सिस्टरांनी आमच्या कार्यालयात कळवलंय, की ही दिवटीची धून वाटते. मी इथून रेकॉर्डिंग ऐकलं, पण त्यात फार खरखर आहे. तू जवळ आहेस. जाऊन ऐकशील?"

वैजयंतीबाई 'बघते' म्हणाल्या आणि दुपारच्या आत रिक्षात बसल्या.

दिवटी वाहिनी सुरू झाली तेव्हा त्या पंचविशीत होत्या. वाहिनीचं कार्यालय म्हणजे शाहूपुरीत गुळाच्या एका गोदामावरच्या दोन खोल्या. सिनेमाचे फलक रंगवणाऱ्या एका पेंटरने बोधचिन्ह काढून दिलं होतं. एक मनगट, मुठीत दिवटी आणि ज्योत जराशी डावीकडे कललेली, जणू दार उघडं राहिलंय आणि वारा येतोय. वैजयंतीने त्याला पेटीवर पाच सुरांची धून बांधली: सा, ग, प, ध आणि पुन्हा प. शेवटी हलगीची एकच थाप. रेकॉर्डिंग चालू असताना खाली गुळाच्या ढेपा उतरत होत्या. पुढची कितीतरी वर्षं कान देऊन ऐकणाऱ्याला त्या धुनेत एक ढेप पडल्याचा आवाज यायचा.

मग काळ बदलत गेला तशी दिवटीही बदलली. संगणक आले तेव्हा ती सोन्याची झाली आणि पडद्यावर गरागरा फिरू लागली. धुनेला व्हायोलिनांचा ताफा मिळाला. नंतर फिरणं जुनाट वाटायला लागलं. मनगट गेलं, मूठ गेली, काठी गेली, नुसती ज्योत राहिली. पुढे ज्योतीच्या छटाही गेल्या आणि एका रंगाचा सपाट थेंब उरला. लोक फोनवर बघायला लागले तेव्हा धून तीन सुरांवर आली. दर वेळी वाहिनीचं बोलावणं यायचं आणि वैजयंतीबाई आपल्याच धुनेला कात्री लावून यायच्या. घरी विलासराव मात्र संध्याकाळी लसूण सोलत बसलेले असायचे, आणि धून वाजली की मान वर करून म्हणायचे, "आलं बघ तुझं!" स्वरज्ञान म्हणाल तर त्यांना आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नसे. पण धून दिवटीचीच, हे त्यांना पहिल्या तीन सुरांत कळायचं. तिसऱ्या सुरावर मान वर.

आणि मग आला 'अंकुर'. तो ऋजुताने बांधला.

अंकुराची कल्पना सोपी होती. नव्या टीव्हीला एक डोळा असतो, समोर कोण बसलंय ते बघणारा. घरातला संच रोज संध्याकाळी दिवटीच्या धुनेत किंचित बदल करून बघायचा: एखादा सूर केसभर लांबव, एखादा चढव, थाप आधी घे. बोधचिन्हाच्या ज्योतीचंही तसंच. मग समोरच्या माणसांकडे बघायचा. कुणाची नजर उचलली गेली? कुणाचा पाय हलला? कपाळावरची आठी सैल झाली का? ज्या बदलाने माणूस जरासा सुखावला तो टिकायचा आणि उद्याच्या धुनेचं बीज व्हायचा. नावडता बदल मरून जायचा. निसर्ग जे पाखरांच्या चोचींशी लाखो वर्षं करत आला, तेच इथे एका धुनेशी रोज संध्याकाळी होत होतं. त्यात आणखी एक गंमत होती. जवळजवळच्या घरांतले संच एकमेकांना धुनेचे तुकडे देत, जसे फुलांचे परागकण वाऱ्यावर शेजारच्या झाडावर जातात तसे. नाव नाही, पत्ता नाही, नुसता सुरांचा तुकडा. रुजला तर रुजला.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. आता भिंतीपलीकडे धून बदलू लागली. काही वर्षांत दिवटीची म्हणून एक धून उरलीच नाही.

"सगळ्या गावाला एक सूर होता, तो तू मोडलास," वैजयंतीबाई तेव्हा लेकीला म्हणाल्या होत्या. ऋजुता म्हणाली होती, "मोडला नाही आई, वाटला." त्यानंतर मायलेकी भाजीपाल्यापासून राजकारणापर्यंत सगळ्यावर बोलत, पण धुनेवर बोलत नसत.

दवाखान्यात सिस्टर लोबो वाट बघत होत्या. आजऱ्याकडच्या, ठेंगण्या, झपझप चालणाऱ्या.

"आम्ही यांना मामा म्हणतो," त्या म्हणाल्या. "बसस्थानकावर कोसळले. पिशवी, फोन कुणीतरी लांबवला."

खाटेवरचा माणूस पंचाहत्तरीचा असावा. उजवं अंग लुळं, तोंड एका बाजूला ओढलेलं, नाकात नळी. पोलिसांनी बोटांचे ठसे घेऊन बघितले होते, पण चुन्या-सिमेंटात जन्म गेलेल्या त्या बोटांवर रेघाच राहिल्या नव्हत्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे यंत्राला बुबुळही ओळखता येईना. फोटो बातम्यांत दाखवून झाला होता, पण त्या ओढलेल्या, नळी लावलेल्या चेहऱ्यावरून कुणाला ओळख पटली नव्हती. हरवल्याची तक्रार कुठल्याच ठाण्यात नव्हती.

"बोलता येत नाही आणि गुणगुणता येतं?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

तिथे उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, "शब्दांचं घर बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं. यांचं नेमकं तेच पडलंय. गाणं मात्र एका खोलीत राहत नाही, उजवीकडेही त्याचं बिऱ्हाड असतं. रोज ऐकलेलं, निवांत बसून ऐकलेलं गाणं तर फार खोल मुरतं. म्हणून नाव गेलं आणि धून राहिली."

वैजयंतीबाई खाटेजवळ बसल्या आणि त्यांनी मूळची धून हलकेच गुणगुणली. सा, ग, प, ध, प.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. मान हलवली. 'चूक' म्हणताना हलवतात तशी, जरा वैतागून. मग त्याने स्वतःची धून सुरू केली. ग वर तो इतका रेंगाळला की जणू दारात उभा राहून कुणाची वाट बघतोय. मग एकदम, ओढा ओलांडताना मारावी तशी उडी घेऊन ध वर. आणि प वर दोनदा पाय आपटून थांबला.

वैजयंतीबाईंनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी ऋजुताला फोन लावला.

"ऋजू, ही एका माणसाची धून नाही."

"म्हणजे?"

"तुझं यंत्र दोघांना खूश ठेवायला बघतं तेव्हा धुनेत सांधा पडतो. मला माहितेय तो कसा लागतो. अर्धी धून सावकाश माणसाची आहे, अर्धी उतावळ्याची. या माणसाच्या शेजारी कुणीतरी बसतं. रोज. बरीच वर्षं."

"मग ते माणूस यांना शोधत का नाहीये?"

"तुझ्या यंत्रात बघ ना, कुणाच्या घरी ही धून आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"यंत्रात काही नाही, आई. घरातलं घरातच राहील, या अटीवर परवानगी मिळाली. संच कालची धूनसुद्धा जपून ठेवत नाही, फक्त आजची. आणि ते कुलूप मीच असं केलंय की मलाही उघडता येऊ नये."

वैजयंतीबाईंना वाटलं होतं आपल्याला चीड येईल. पण आली ती वेगळीच भावना. आपल्या पोरीने लोकांच्या घरात डोळा बसवला आणि स्वतः मात्र आत डोकावली नाही. हे तिने कधी सांगितलं नव्हतं, की आपणच ऐकलं नव्हतं?

"मग माणसांनाच विचारू," त्या म्हणाल्या. "दारोदार मागू. देतील लोक."

त्या आठवड्यात दिवटीच्या बातम्यांनंतर पांढऱ्या केसांची एक बाई पडद्यावर आली. "मी वैजयंती सरनोबत. तुमच्या घरी वाजते त्या धुनेची मी आजी," अशी तिने सुरुवात केली. दवाखान्यातल्या माणसाची हकीकत सांगितली. त्याचं गुणगुणणं मात्र मुद्दाम ऐकवलं नाही, नाहीतर जो तो 'आमचीच' म्हणाला असता. म्हणाली, "तुमच्या घरची धून फोनवर रेकॉर्ड करून, गावाचं नाव सांगून पाठवा. ज्यांची त्याच्या गुणगुणण्याच्या जवळची निघेल, त्यांच्या आसपास या भावाचं घर असणार."

लोकांनी दिली. भाकरी मागावी आणि पंगत यावी तसं झालं. ऋजुता पुण्याहून आली आणि माजघरातल्या टेबलावर मायलेकी ऐकत बसल्या. इचलकरंजीच्या एका घरातली धून मागाच्या ठेक्यावर चालत होती. निपाणीच्या एका घरी ती झोक्यावर बसल्यासारखी मागेपुढे झुलायची. त्या बाईने लिहिलं होतं की घरात तान्हं बाळ आहे. मुलींच्या एका वसतिगृहातली धून तर सरळ हसत होती. मालवणच्या एकाने नुसत्या शेवटच्या थापेसाठी माफी मागितली होती: "आमच्याकडे थाप उशिरा पडते, आजोबांना कमी ऐकू येतं."

ऋजुताचा संगणक धुनांची नाती लावत होता. कुळी लावावी तशी: ही हिची बहीण, ही हिची चुलती, या दोघींची आजी एक. पडद्यावर एक झाड फांद्या फोडत वाढत होतं. वैजयंतीबाईंना यंत्राचं झाड कळत नव्हतं, पण कानांनी त्याही तेच करत होत्या, आणि बऱ्याचदा यंत्राचं नि त्यांचं जमत होतं.

तिसऱ्या दिवशी वैजयंतीबाईंनी कानावरचे हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले.

"हे कुठलं?"

ऋजुताने बघितलं. "आपल्याच गल्लीतलं. कोपऱ्यावरच्या मुल्लाभाभींचं."

"आणि याच्या आधीचं?"

"सांगलीचं. का गं?"

"तिसऱ्या सुरानंतर..." वैजयंतीबाईंनी हेडफोन लेकीच्या कानांवर ठेवले.

तिसऱ्या सुरानंतर, थापेच्या आधी, धून एवढीशी थबकत होती. कुणीतरी मान वर करेपर्यंत थांबावं, तेवढीच.

"बाबांचं आहे ते," ऋजुता हळू आवाजात म्हणाली. "बाबा तिसऱ्या सुराला मान वर करायचे. अंकुराला कळलं, की इथे थांबलं की या माणसाला बरं वाटतं. मग आपल्या संचाने ते शेजारी दिलं. तिथे रुजलं. तिथून पुढे गेलं. लोकांना कारण माहीत नाही, आई. ती जागा गोड लागते, एवढंच त्यांना माहीत."

"तुला ठाऊक होतं?"

"आपल्या घरात ती जागा आहे, हे ठाऊक होतं. सांगलीपर्यंत पोचलीय हे आत्ता कळतंय."

मग वैजयंतीबाईंनी सांगितलं. टीव्ही का लावत नाही ते. समोर आता एकटीच बसणार. एकटीसाठी यंत्र धून बदलणार. त्यांना स्वतःला ती थबकण्याची जागा कधीच आवडली नव्हती, तालात खड्डा वाटायचा. म्हणजे रोज संध्याकाळी त्यांच्याच नजरेने विलास थोडा थोडा पुसला जाणार. त्यापेक्षा पडदा काळा राहिलेला बरा.

ऋजुता उठून आईच्या खुर्चीच्या हातावर बसली. "आपल्या घरातून पुसलंही जाईल कदाचित. खोटं कशाला सांगू? पण गावातून आता नाही जायचं. कितीतरी घरांत आहे ते."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू धुनेचं नाव तरी काढू द्यायचीस का?"

त्यावर दोघींना हसू आलं, आणि हसता हसता वैजयंतीबाई रडल्या. त्या संध्याकाळी त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्ही लावला. ज्योत पेटली. तिसऱ्या सुरानंतर धून थबकली. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं नाही. नंतर ऋजुता स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलायला बसली.

झाडाची, म्हाताऱ्याच्या धुनेला सर्वांत जवळची फांदी भुदरगडाकडे निघाली, पाटगावच्या खोऱ्यात. त्या खोऱ्यातून फार थोड्या धुना आल्या होत्या, पण त्यांत ती उडी होती, ओढा ओलांडल्यासारखी.

मायलेकी गाडी घेऊन निघाल्या. खालच्या गावात एका घरी संच लावून बघितला तर उडी होती, पण ग वरचं रेंगाळणं नव्हतं. पुढच्या गावात रेंगाळणंही जरासं आलं. जंगलातून जसजसं वर चढत जावं तसतशी धून दवाखान्यातल्या म्हाताऱ्याच्या जवळ जवळ येत होती. वैजयंतीबाई गाडीच्या खिडकीतून बघत होत्या आणि त्यांच्या मनात येत होतं: हे काही सूर मोडल्यासारखं नाही. हे तर बोलीसारखं आहे. आपल्या धुनेला या लोकांनी आपापल्या घरी नांदवलंय.

खुटाळवाडी ही शेवटची वस्ती. तिथल्या चहाच्या टपरीवरच्या बाईला ऋजुताने म्हाताऱ्याचं गुणगुणणं ऐकवलं.

"अगं बया! ही तर वरच्या भांदिगऱ्यांच्या घरातली," ती म्हणाली. "सांजंला इथवर ऐकू यायची. पण तितला टीव्ही बंदच हाय की मागल्या म्हैन्यापासनं."

"घरात कोण असतं?"

"दोघं भाऊ. केरबाअण्णा आणि दौलूतात्या. दौलूतात्या लेकीकडं गोव्याला गेला म्हंत्यात. आणि केरबाअण्णाला इचारून उपयोग न्हाई. दोघं बोलत न्हाईत एकमेकांसंगं. आमची पोरं जन्मायच्या आधीपासनं."

भांदिगऱ्यांचं घर जांभ्या दगडाचं होतं. पुढच्या ओसरीवजा सोप्यात मधोमध कमरेएवढी भिंत, चिरा न् चिरा सफाईने बसवलेला. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक खुर्ची. आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही, दोन्हीकडून दिसेल असा. डावीकडच्या खुर्चीत एक उंच, हाडकुळा म्हातारा बसला होता. उजवीकडची रिकामी होती.

ऋजुताने नाव सांगितलं, दिवटी वाहिनीकडून आलोय म्हणाली.

"टीव्ही माझा न्हाई," केरबा म्हणाले. "त्याचा हाय. त्यो आला की बोला त्याच्यासंगं."

"कुठे गेलेत ते?"

"मला सांगून थोडाच जातोय? लेकीकडं गेला असंल. लेकीला वाटत असंल, हितं हाय."

"आम्ही टीव्ही लावून बघू का, एकदाच?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"लावा. मी हात लावत न्हाई."

संच लागला. ज्योत उजळली, या घरात ती दोन जिभांची झाली होती, मुळाशी एक आणि शेंड्याला दुभंगलेली. आणि धून वाजली. ग वर लांबच लांब रेंगाळणं. मग उडी. मग दोनदा पाय आपटून थांबणं.

ऋजुताने आईचा हात घट्ट धरला.

वैजयंतीबाई म्हाताऱ्याकडे बघत होत्या. रेंगाळत्या सुराला त्याचे डोळे अर्धे मिटले होते. म्हणजे सावकाश माणूस हा. उतावळा तो, खाटेवरचा. तीसेक वर्षं एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती, तरी अंकुर आल्यापासून दोघांनी भिंतीच्या दोन बाजूंना बसून ही एकच धून घडवली होती, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

"केरबाअण्णा," त्या म्हणाल्या, "दौलू कोल्हापुरात आहेत. दवाखान्यात. त्यांचं अर्धं अंग गेलंय. पण जिवाचा धोका टळलाय."

केरबांनी भिंतीपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाले, "डोळं दाखवाया गेला असंल. दिसत नव्हतं त्याला नीट. मला ठावं हुतं. पायरीवर ठेचकाळायचा. मी म्हटलं असतं की संगं येतो, तर..."

"भांडण कशावरून झालं होतं?" ऋजुताने विचारलं.

"फणसावरनं. वाटणीत फणस कुणाच्या हद्दीत, म्हणून. त्यो फणस कवाच वाळला." म्हाताऱ्याने खुंटीवरची टोपी काढली आणि डोक्यावर घातली. "चला. उशीर कशाला करताय?"

परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "काय बोलू मी त्याच्यासंगं?"

"त्यांना बोलता येत नाही आता," वैजयंतीबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हालाच बोलायला लागणार."

वॉर्डात शिरताना केरबा दारातच थबकले. खाटेवर नळ्या लावलेला, वाकड्या तोंडाचा तो माणूस आपला धाकटा भाऊ आहे, हे त्यांना पटायला वेळ लागला असावा. दौलूने मान वळवली. मोतीबिंदूच्या धुक्यातून त्याला काय दिसलं कुणास ठाऊक, पण त्याची डावी मूठ चादरीवर आवळली गेली आणि तोंडातून नुसताच एक आवाज निघाला.

केरबा खाटेशी गेले. हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी भावाच्या पायावरची चादर नीट केली.

"बैल इकला मी," ते म्हणाले. "तांबडा. तुला सांगायचं ऱ्हायलं हुतं."

आणि मग त्यांना खंड पडेना. तांबड्या बैलाची किंमत आणि गिऱ्हाइकाची लबाडी. मागच्या पावसात गोठ्याचं छप्पर उडालं ते. आई गेली तेव्हा दौलू पायथ्याशी उभा होता आणि आपण उशाशी, तेव्हा आईने शेवटी काय म्हटलं, जे दौलूला ऐकू गेलं नव्हतं. शहरात राहणाऱ्या सुनेच्या माहेरची माणसं. पाटगावच्या धरणाचं पाणी. तीस वर्षांचं बोलणं होतं ते. खाटेच्या कडेवर बसून केरबा ते उलगडत राहिले. दौलू ऐकत होता आणि डोळ्यांच्या कडांतून त्याचं पाणी उशीवर उतरत होतं. भेटीची वेळ संपली तेव्हा सिस्टर लोबो आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या खाटेकडे निघून गेल्या.

त्यानंतर वैजयंतीबाई रोज सकाळी दवाखान्यात जाऊ लागल्या. डॉक्टरांनीच सुचवलं होतं: धुनेच्या आधाराने कधी कधी शब्द परत येतात. मेंदूच्या पडलेल्या घराला वळसा घालून, सुरांच्या वाटेने. त्यांनी दौलूच्या घरच्या धुनेवर साधे साधे शब्द बसवले: पाणी दे, बरं वाटतं, केरबा आला. ग वर रेंगाळायचं, ध वर उडी मारायची. दौलू सूर अचूक लावायचा. शब्दाच्या जागी मात्र नुसतं 'आ'. ऋजुता रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "काही?" आणि वैजयंतीबाई सांगायच्या, "उद्या."

केरबा घरी गेलेच नाहीत. दवाखान्याच्या आवारातल्या धर्मशाळेत पथारी टाकून राहिले, आणि दिवस उजाडला की भावाच्या उशाशी. बोलणं चालूच. तीस वर्षं संपली तसे ते त्याच्याही मागे गेले, लहानपणात. शाळेच्या मास्तरांपासून ओढ्यातल्या खेकड्यांपर्यंत. शेजारच्या खाटांवरच्या लोकांनाही भांदिगऱ्यांची भावकी पाठ झाली.

एका सकाळी वैजयंतीबाई पोचल्या तेव्हा केरबा फणसावर आले होते. फणस खरं तर कुणाच्या हद्दीत होता, हे ते पुन्हा एकदा पावलं मोजून समजावत होते. दौलूचा चेहरा लाल होत चालला होता. डावा हात चादरीवर आपटत होता. वैजयंतीबाईंना वाटलं सिस्टरांना हाक मारावी.

"...म्हणजे बांधापासनं धरलं तर ते झाड माझ्याच..."

"गप की!"

वॉर्डात सगळे वळले. शब्द जड होता, एका बाजूने घसरलेला, पण होता पुरता. दौलूलाही आपण काय केलं ते कळेना. तो तोंड उघडं ठेवून भावाकडे बघत राहिला.

केरबा उठून उभे राहिले. टोपी काढली. पुन्हा घातली. मग तो हाडकुळा, उंच म्हातारा वॉर्डाच्या मधल्या वाटेने निघाला आणि प्रत्येक खाटेशी थांबून, माणूस जागा असो की झोपलेला, सांगू लागला, "ऐकलंसा का? गप म्हणाला! मला गप म्हणाला त्यो!"